थंडीच्या मागावर : रावेर ते तोरणमाळ

खानदेश म्हटलं की बाहेरच्यांना भुसावळचा मे महिना आठवतो. पारा 45 च्या पुढे, रस्ते ओस, डांबर वितळलेलं. त्याच तापीच्या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो, हे सांगितलं तर पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना पटत नाही. मी चाळीसगावची, लहानपणी ही थंडी अंगावर काढलेली. आता शाळेत भूगोल शिकवते. दर हिवाळ्यात बातम्यांत ‘ध्रुवीय वाऱ्यांनी खानदेश गारठला’ असं वाचलं की मनात येतं, ध्रुवावरची हवा खरंच आपल्या रानापर्यंत येते का? यंदा दत्तजयंतीनंतर दादाला गाडी काढायला लावली आणि थंडी येताना बघायची असं ठरवून निघालो. सोबत एक साधा कमाल-किमान तापमापक, दोन गोधड्या आणि सारंगखेड्याची जत्रा बघायची जुनी हौस.

शनिवार : जळगाव, रावेर

निघताना मुद्दाम पश्चिमी विक्षोभाची तारीख बघितली होती. काश्मीर-हिमाचलात बर्फ, पंजाबात पाऊस असा अंदाज होता. आपल्याकडे थंडी यायची ती त्याच्या पाठोपाठ.

रावेरजवळ मावशीकडे पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं, वारा दक्षिणेचा, हवा चक्क दमट. रात्री नऊला अंगणात 19 अंश. काका म्हणाले, “अगं, थंडी बघायला आली आणि पंखा लावायची वेळ आली.”

असं का होतं ते शेतातल्या भरीत पार्टीत सगळ्यांना समजावून सांगितलं. पश्चिमी विक्षोभ म्हणजे भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र या बाजूला तयार होणारी आणि वरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करत येणारी कमी दाबाची प्रणाली. हिवाळ्यात महिन्याला अशा चार-सहा येतात. ती जवळ येते तेव्हा तिच्या पुढच्या बाजूला दक्षिणेकडची, अरबी समुद्राची ओलसर हवा खेचली जाते. त्यामुळे ढग येतात. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडत असते, ती ढग आणि बाष्प अडवतात, काही परत खाली पाठवतात. वरून गोधडी पांघरल्यासारखं. म्हणून विक्षोभ येताना रात्र उबदार, आणि तो पुढे सरकला की दोन दिवसांत पारा धाडकन खाली.

आता भरिताबद्दल. चंपाषष्ठी झाली की या भागात शेताशेतांत जाळ पेटतात. हिरवट, लांबोडकी, बिया कमी असलेली वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुराचा वास येत नाही, त्यामुळे तुलना नकोच. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचायची, त्यात हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ. मावशीच्या शेजारणीने केळीच्या पानावर वाढताना विचारलंसुद्धा नाही, दुसरी भाकरी आपोआप आली. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ज्यांनी फक्त हॉटेलातलं भरीत खाल्लंय त्यांनी एकदा तरी डिसेंबरात या बाजूला यावं. ओळख नसेल तर जळगावात किलोवर तयार भरीत मिळतं, पण दुपारच्या आत घ्या.

रविवार : केळीच्या बागेत

दुपारी तीनच्या सुमारास केळीची पानं हलायची दिशा बदलली. सकाळपर्यंत ती उत्तरेकडे झुकत होती, आता दक्षिणेकडे. तासाभरात आभाळ इतकं निळं झालं की सातपुड्याच्या घळी एकेक मोजता याव्यात. काकांनी वर बघितलं आणि बोलता बोलता थांबले. “आली,” एवढंच म्हणाले, आणि पाण्याच्या मोटारीकडे गेले.

केळीला थंडी सोसत नाही. पारा दहाच्या खाली गेला की वाढ थांबते. काकांनी मला एका कांदेबागेच्या, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या, झाडाचा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, दाखवला. गेल्या आठवड्यातल्या गारठ्यात अडकलेला, गुंडाळी अर्धवट सुटलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. उन्हाळ्यात आठवड्याभरात नवं पान फेकणारं झाड थंडीत पंधरा-वीस दिवस घेतं. निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला, आलेल्या झाडाचं दुखणं आणखी मोठं, घड खोडातच अडकतो. आणि तयार घडाला गारठा लागला की सालीतला चीक गोठतो, साल काळपट पडते, पिकल्यावर सोन्यासारखा रंग येत नाही. व्यापारी भाव पाडतो.

संध्याकाळपासून बागेत लगबग. घडांना पिशव्या होत्याच. उत्तरेच्या बांधावर वाऱ्याला अडवायला शेवरी आणि गजराज गवत लावलेलं. रात्रीची लाइट येते म्हणून पाण्याची पाळी मुद्दाम पहाटेला ठेवलेली. बोअरचं पाणी पाइपातून पडताना त्यातून वाफा निघत होत्या. मी हात घातला तर कोमट. जमिनीखालचं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाला राहतं, म्हणून जानेवारीत ते हवेपेक्षा कितीतरी ऊबदार असतं. ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. बांधावर ठिकठिकाणी काडीकचरा पेटवतात. लोकांना वाटतं धुरामुळे थंडी अडते. खरं काम धुरापेक्षा जाळाची ऊब आणि त्याने ढवळलेली हवा करते. म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा लहान लहान अनेक शेकोट्या बऱ्या. काका हे अनुभवाने जाणतात, पुस्तकातही हेच आहे.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी सलग तीन दिवस 8 अंश किंवा त्याखाली असा निकष आहे. ते तापमान मोजतं महसूल मंडळातलं स्वयंचलित केंद्र. नाल्याकाठच्या सखल बागेत पारा त्याहून खाली गेलेला असू शकतो. हा मुद्दा पुढे तोरणमाळला डोळ्यांनी दिसला, तिथे येतेच.

रात्री जेवताना मावसभावाने विचारलं, “ताई, मग ही हवा सैबेरियातूनच आली ना?”

सरळ तिथून नाही. हिवाळ्यात सैबेरियात सूर्य जेमतेम वर येतो, रात्र लांब, जमीन बर्फाने झाकलेली. तिथली हवा गार होऊन जड होते आणि जमिनीलगत साचते. पूर्व सैबेरियातल्या वर्खोयान्स्कला उणे 67.8 अंशांची नोंद आहे. पण त्या थंड हवेचा थर दोन-तीन किलोमीटर जाडीचा, आणि आपल्या डोक्यावर त्याच्या दुपटीहून उंच हिमालय आडवा उभा, मागे तिबेटचं पठार. ती हवा चीन, कोरिया, जपानकडे वळते. अमेरिकेत असा पूर्व-पश्चिम पसरलेला डोंगर नाही. रॉकी पर्वत उत्तर-दक्षिण आहे, त्यामुळे ध्रुवाकडची हवा कॅनडातून थेट टेक्सासपर्यंत घसरते. फेब्रुवारी 2021 मध्ये डॅलसचा पारा उणे 19 पर्यंत गेला, पाण्याच्या पाइपलाइन फुटल्या, वीज गेली, माणसं दगावली. डॅलस आणि अमृतसर यांच्या अक्षांशात फरक जेमतेम एका अंशाचा. अमृतसरला उणे 19 कोणी ऐकलंय? आपल्या केळी हिमालयाने राखल्या आहेत, हे मी वर्गात सांगते तसंच तिथे सांगितलं. काकांनी उत्तरेकडे हात जोडले, आणि त्यात गंमत नव्हती.

पहाटे पाचला बागेच्या कडेला 8.5 अंश. शनिवारी रात्रीच्या मानाने पारा दहा अंशांनी उतरला.

सोमवार : धुळे

रस्ता ठीक, पारोळ्याला चहा, धुळ्यात पोचलो. दुपारी 27 अंश, लोक अर्ध्या बाहीत. कोरड्या हवेत असंच होतं. दिवसा ऊन अडवायला काही नाही, रात्री उष्णता धरून ठेवायला काही नाही.

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या वेधशाळेचे आकडे दर हिवाळ्यात पहिल्या पानावर येतात. 2018 च्या डिसेंबरअखेर इथला पारा 3 अंशांच्याही खाली गेला होता. ओळखीने दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून उपकरणं बघायला मिळाली. जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंनी झडपा, दार उत्तरेला म्हणजे ऊन आत येणार नाही. आतल्या किमान तापमापकात अल्कोहोल असतं आणि त्यात बुडालेली एक काळी बारीक काडी. तापमान उतरलं की अल्कोहोलचा पृष्ठभाग त्या काडीला मागे ओढतो, तापमान चढताना मात्र अल्कोहोल तिच्या बाजूने निघून जातं. काडी रात्रीच्या तळाशी तशीच राहते. सकाळी माणूस येतो आणि ती वाचतो. किती साधं आणि किती नेमकं!

हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान 10 किंवा त्याखाली, आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलेलं असेल तर थंडीची लाट. साडेसहा अंशांनी उतरलं तर तीव्र लाट. पारा सरळ 4 वर आला तरी लाट आणि 2 वर आला तर तीव्र. नुसतं ‘लई गार’ म्हणजे लाट नव्हे.

सोमवारी रात्री पांझरेच्या काठाने चालत होतो. कोपऱ्यावर रिक्षावाल्यांची शेकोटी. एक आजोबा सरकले आणि म्हणाले, “बठा ना, शेकी ल्या.” बसलो. जुनी टायरं नव्हती, लाकूडच होतं, बरं वाटलं. त्यांचं म्हणणं, “रातले वारा बंद व्हयना का हीव वाढस.” वारा असतो तोवर वरची जरा ऊबदार हवा खाली मिसळत राहते. वारा पडला की जमिनीलगतचा थर एकटाच गार होत जातो. वारा अंगाला झोंबतो हे खरं, पण पिकाला मारते ती निवांत, स्वच्छ रात्र. आजोबांच्या एका वाक्यात माझा अख्खा तास होता.

तिथेच एका पोराने मोबाइलवर ‘पोलर व्होर्टेक्स’चा व्हिडिओ दाखवला. हा भोवरा असतो ध्रुवावर, जमिनीपासून सुमारे 15 ते 50 किलोमीटर उंचीवर, हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे गरगरणारा. तो बळकट असतो तेव्हा गारठा ध्रुवाजवळ कोंडलेला राहतो. कधी त्या थरातलं तापमान काही दिवसांतच खूप वाढतं आणि भोवरा विस्कटतो, जसा जानेवारी 2021 च्या सुरुवातीला विस्कटला होता. मग पुढच्या काही आठवड्यांत खालचे जेट वारे, म्हणजे उंचावरचे वेगवान पश्चिमी वारे, मोठी वळणं घ्यायची शक्यता वाढते. असं एखादं दक्षिणेकडे उतरणारं वळण इराण-अफगाणिस्तानच्या बाजूला आलं, तर विक्षोभ जोरकस होतात आणि त्यांच्या पाठीमागची वायव्येची थंड हवा राजस्थान, माळवा ओलांडून तापीपर्यंत उतरते. वाटेत ती तापतेही. इथे पोचेपर्यंत ती ध्रुवीय उरलेली नसते, कोरडी मात्र असते. शेवटचे आठ-दहा अंश आपलं निरभ्र आभाळ उतरवतं. मला या प्रवासात सापडलेलं हेच. बातमीतला ‘ध्रुवीय वारा’ अर्धा खरा आहे. उरलेली अर्धी थंडी रोज रात्री आपल्या जमिनीवर तयार होते, आणि शेतकरी ज्यावर उपाय करू शकतो ती हीच अर्धी.

धुळ्यात राहणार असाल तर सकाळी सहाला बाहेर पडा. गरम दूध आणि जिलबीच्या गाड्या तेव्हाच लागतात. दुचाकीवर असाल तर जॅकेटच्या आत छातीशी वर्तमानपत्र घाला, स्वेटरपेक्षा वारा चांगला अडतो.

मंगळवार : सारंगखेडा

दोंडाईचावरून सारंगखेडा. एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि घोडेबाजारात शिरलो. तापीकाठी राहुट्या, शेकडो घोडे, पाठीवर रंगीत झुली, नाकपुड्यांतून वाफा. काठेवाडी, मारवाडी, पंजाबचे नुकरे. एक पांढराशुभ्र नुकरा मालकाने उन्हात धरला होता, माणसं नुसती बघत उभी.

तो मालक पंजाबातला. त्याने चहा मागवला, आणि मी विषय काढायच्या आधीच हवेवर बोलायला लागला. शुक्रवारी त्याच्या गावी पाऊस झाला, शनिवारी थांबला आणि उत्तरेचा वारा सुटला, असं घरून फोनवर कळलं. रविवारी दुपारी इथे त्याच्या तंबूचा पडदा उलट दिशेने फडफडला. “हमारे गाँव की हवा हमारे पीछे-पीछे आ गयी, बहनजी.” नकाशावर बाण काढून मी वर्षानुवर्षं जे शिकवते ते त्याने घोड्यांच्या झुली बदलताना टिपलं होतं. त्याच्याकडे आता धुकं आहे म्हणाला, दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. पावसाने भिजलेली जमीन, वरून गारठा, मग धुकं येणारच. आपल्याकडे पाऊस झाला नाही म्हणून धुकं नाही. आणि धुकं नाही म्हणून रात्री पारा आणखी खाली. दव किंवा धुकं धरताना बाष्पातली उष्णता बाहेर पडते आणि घसरण मंदावते, कोरड्या हवेत तो थांबाच नाही.

जत्रेत गाडी गावाबाहेर लावा. शेवभाजी खाताना तिखट कमी सांगा, सवय नसेल तर डोळ्यांतून पाणी येईल. रात्री नदीकाठ फार गार पडतो, लहान मुलं बरोबर असतील तर अंधाराआधी निघा.

बुधवार, गुरुवार : तोरणमाळ

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत घाट चढलो. खाली पपईच्या बागांवर पांढरं क्रॉप कव्हर पांघरलेलं, वर सागाची वाळकी पानं. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे. वर पोचेपर्यंत स्वेटर अंगावर आला होता.

गुरुवारी पहाटे साडेपाचला यशवंत तलावाच्या सखल बाजूला उतरलो. वारा शून्य. बॅटरीच्या उजेडात गवत राखाडी दिसलं. वाकून बघितलं तर प्रत्येक पात्याच्या कडेने बर्फाचे बारीक काटे उभे. आधी दवाचे थेंब होऊन मग ते गोठले, असं झालेलं नव्हतं, बाष्प थेट बर्फ होऊन चिकटलं होतं. बोटाने एक पातं ओढलं तर काटे बोटावर आले आणि तेवढ्यात विरघळले. तापमापक गवतावर ठेवला, उणे 1. छातीच्या उंचीवर धरला, 3 अंश. मग दादा आणि मी धापा टाकत वरच्या टेकाडावर गेलो, तर तिथे 6.5!

उंचीवर थंडी जास्त, हा नियम इथे उलटा पडतो. स्वच्छ, निवांत रात्री उतारावरची हवा गार होते, जड होते आणि पाण्याच्या वाटेने खाली उतरते. सखल भागात साचते. वरचा उतार त्यामुळे ऊबदार राहतो. तापीचं खोरंही असंच आहे, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर. रात्रभर दोन्हीकडची गार हवा खाली झिरपते. वेधशाळेची पेटी सव्वा मीटरवर मोजते, हरभऱ्याचं फूल वीतभर उंचीवर असतं. आकडा 4 सांगितला तर फुलाशी शून्य असू शकतं. शेतकऱ्याने बांधावर दोनशे रुपयांचा तापमापक टांगावा, सखल कोपऱ्यात एक आणि उंचवट्यावर एक. माझं हे कळकळीचं सांगणं आहे.

उतारावरच्या एका पावरा आदिवासी कुटुंबाने चहाला बोलावलं. कुडाच्या भिंती, मध्ये चूल, एका बाजूला गाई-शेळ्या त्याच छपराखाली. आत 15 अंश होतं! त्या घरातल्या मावशींनी मक्याची जाड भाकरी आणि उडदाची घट्ट डाळ पुढे ठेवली. शेत खाली दिसत होतं, अजून पांढरं. घर इतक्या वर का, असं विचारलं.

“खाली थंडी बसते,” त्या म्हणाल्या. “वर निजायचं, खाली पेरायचं. गव्हाला थंडी पाहिजे, पोरांना नको.”

गव्हाचं खरंच तसं आहे. थंडी चांगली पडली की फुटवे जास्त येतात. सकाळी आठला ऊन आलं आणि दहा मिनिटांत सगळं शेत ओलं हिरवं झालं.

तोरणमाळला जाणार असाल तर डिझेल-पेट्रोल शहाद्यातच भरा, रोख पैसे ठेवा, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. राहायची सोय आधी ठरवा. घाटात अंधारात चढू नका. गवतावरचा बर्फ बघायचा असेल तर विक्षोभ सरकल्यानंतरची तिसरी-चौथी रात्र धरा, वारा पडलेली, आणि सूर्योदयाआधी सखल गवताळ जागी उभे राहा. टेकडीवर थांबलात तर काही दिसणार नाही.

शुक्रवार : नंदुरबार

प्रकाशाला तापी ओलांडून नंदुरबारला आलो. बाजाराबाहेरच्या पथारींवर लाल मिरची पसरलेली, डोळा पोचेल तिथपर्यंत. गाडीची काच उतरवली आणि दोघांनाही खोकला सुटला. जी कोरडी हवा केळीला मारते, तिच्यावरच हा सगळा धंदा उभा आहे. दिवसा ऊन, हवेत ओल नाही, आठ-दहा दिवसांत मिरची कडकडीत. देठ खुडणाऱ्या बायका तोंडाला फडकी बांधून रांगेत बसल्या होत्या.

दुपारी पश्चिमेला उंचावर पिसांसारखे पांढरे ढग दिसले. पथारीवरच्या मुकादमाने ते माझ्या आधी बघितले होते. पुढचा विक्षोभ निघाला होता. त्याने ताडपत्र्या बाहेर काढायला सांगितल्या, फोनवर कोणाला तरी दोन टेम्पो जास्त पाठवायला सांगितलं. गेल्या काही वर्षांत अवकाळीने भिजलेली मिरची काळी पडून मातीमोल झालेली त्याने बघितली आहे. आज रात्री गारठा कमी असेल, असं मी म्हटलं. “तेच तर नको आहे, ताई,” तो म्हणाला.

आम्ही पाच किलो मिरची घेतली. भाव कमी होता, कारण सगळ्यांनाच पावसाआधी माल हलवायचा होता. तुम्ही घेणार असाल तर मुठीत धरून कुरकुर आवाज येतो का बघा, आणि आभाळ स्वच्छ असताना घ्या. रावेरला काकांना फोन लावला. त्यांच्या बागेत पहाटे 12 अंश होतं, त्यांनी मोटार बंद करून पाच दिवसांनी पहिल्यांदा रात्रभर झोप घेतली होती. पुढची पाळी सोमवारी, विक्षोभ गेला की.